वास येईपर्यंत

विमलाबाईंनी इसेन्स कधी चमच्याने मोजला नाही. लोणी-साखर फेटून, मैदा मिसळून झाला की सगळ्यात शेवटी व्हॅनिलाची बाटली तिरकी करायची आणि वास नाकाशी आला की हात थांबवायचा. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत त्यांचा केक न खाल्लेलं घर सापडलं नसतं.

गेल्या वर्षीच्या तापात त्यांना वास येणंच बंद झालं. कोथिंबिरीची जुडी चुरगळून नाकाला लावली तरी काही नाही. पण हे घरात सांगायची सोय नव्हती. सून ऋता आधीच म्हणत असे, "आई, आता राहू द्या ना स्वयंपाक." तिला कळलं असतं, तर गॅस सुटला तरी समजायचा नाही म्हणून तिने स्वयंपाकघरच हातातून काढून घेतलं असतं. मग दिवसभर करायचं काय, मालिकांतल्या सुनांना नावं ठेवायची? त्या गप्प राहिल्या. बाटली मात्र तिरकी होतच राहिली. वास येईना, म्हणून आणखी थोडी. केक कडवट लागे, पण तापापासून चहाही कडवटच लागत होता. दोष आपल्या जिभेचा, असं त्या धरून चालल्या. शिवाय मुलगा सुबोध दर वेळी म्हणायचाच, "झकास झालाय, आई."

नवऱ्याच्या, जयवंतरावांच्या, पंच्याहत्तरीच्या सकाळी त्या पीठ फेटत होत्या. बाहेर ऋता फोनवर सुबोधला सांगत होती, "येताना बेकरीतून एक केक आण. आईंचा असणारच रे, पण तो कडूजहर असतो. बाबापण कसाबसा गिळतात. लपवून आण, आपण मागाहून खाऊ."

म्हणजे कडू होता तो केकच. आणि अख्ख्या घराची अळीमिळी गुपचिळी. विमलाबाईंना राग आला, रडूही आलं, पण सगळ्यांत जास्त लाज वाटली. शेजारीपाजारी वाटलेल्या ताटल्या आठवून कान तापले. मग त्यांनी ठरवलं, आज जो कोणी तोंडावर म्हणेल की केक कडू झालाय, त्याला सांगून टाकायचं, मला वास येत नाही. एकटीने किती दिवस लपवायचं? कोणाला सबबच उरू नये म्हणून त्यांनी सगळी बाटली पिठात रिकामी केली.

संध्याकाळी ओवाळून झालं, केक कापला. त्यांनी स्वतः मोठमोठे तुकडे वाढले आणि समोर उभ्या राहिल्या.

सुबोधने घास घेतला आणि डोळे मिटले. "झकास, आई."

"मऊ झालाय," पाण्याच्या ग्लासाकडे हात नेत ऋता म्हणाली.

उरले जयवंतराव. आमटीत मीठ कमी पडलं तर जन्मभर ताट सरकवत आलेला माणूस. विमलाबाईंची सगळी आशा आता त्यांच्यावर होती.

"खरं सांगा हो, कसा झालाय?"

ते बराच वेळ चावत राहिले. घास खाली उतरवून म्हणाले, "नेहमीसारखाच. छान."

विमलाबाईंनी सुरी उचलली. मग प्रत्येकाच्या ताटलीत आणखी एकेक तुकडा वाढला.