तीन अक्षरांचा ग्रंथ

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

"गेलेला माणूस तुम्हाला ज्या नावाने हाक मारायचा, ते या ग्रंथात आधीच छापलेलं आहे!" बाबा गरजले. "फक्त तीन अक्षरं सांगा. काना नको, मात्रा नको. वर तेवढी सवड नसते!"

लोकांनी यावरही माना डोलावल्या.

कॉम्प्युटरच्या क्लासात प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या बाई शेजारणीच्या आग्रहाने आल्या होत्या, निदान स्वतःला तसं सांगत होत्या. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. घर खायला उठायचं. दिवसभरात कोणी त्यांना नावाने हाक मारत नसे.

"बदक," त्या कशाबशा म्हणाल्या. त्या डुलत चालतात म्हणून नवरा तसं म्हणायचा, तेही घरात दुसरं कोणी नसताना.

बाबांनी पानं उलटून बोट ठेवलं. बदक! बाईंना रडू आवरेना.

"दर आठवड्याला या. ते आणखी बोलतील. शंका तेवढी घेऊ नका, शंकेने ते रुसतात."

बाई रोज यायलाही तयार होत्या. पण डोळे पुसताना त्यांना पुढचे शब्द दिसले: बदख, बदग, बदघ. दिलेल्या अक्षरांतून होतील तेवढे सगळे शब्द छापा, हा सराव त्या दरवर्षी मुलांना द्यायच्या.

गप्प बसलं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा हाक येणार होती. बाई नमस्कार करून वळल्याही. पण मागे एक आई गेलेल्या लेकीने ठेवलेलं नाव पुटपुटत उभी होती.

"बाबा, आणखी एक शोधा. ठझढ."

"हे कोणाचं नाव?"

"कोणाचंच नाही."

बाबा ग्रंथ मिटायला लागले, तोच शेजारणीने तो ओढून घेतला. "अगंबाई! ताई, हे पण आहे की इथे!"

"असणारच. छत्तीस अक्षरं आणि तीन जागा, यातून जे जे होईल ते सगळं छापलंय. काना-मात्रा घेतल्या असत्या तर ग्रंथ उचलवला नसता. पुन्हा कोणी असं काही दाखवलं, तर कोणाचंच नसलेलं एक नाव मागून बघा. एवढंच करा."

घरी येऊन बाईंनी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर सेहेचाळीस हजार सहाशे छप्पन्न शब्द सरसर उतरले. त्यात बदकही होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, आणि सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

तिकडून कोणी हसलं नाही. बाईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि एकटीपुरता चहा टाकला.