बिजलीचं स्थळ

गणपतरावांनी भाडेकरूच्या खोलीतला एसी सुरू केला, रिमोट सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खुंटीवरचा बनियन काढून गादीखाली सरकवला.

मयुरा दारात उभी राहून बघत होती. ही खोली अश्विनची. तो बँकेत नोकरीला होता, वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा आणि या वेळी अर्थातच कामावर होता. घरमालक म्हणून एक किल्ली गणपतरावांकडे असायची, पण ती नळबिळ गळला तर असावी म्हणून.

“बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?”

“खोली थंडी करून राहिलो. मॅडम आल्या की सांगू, मयुरा इथंच राहते, अन् कुत्रीबी इथंच राहीन.”

“अन् अश्विन?”

“तो संध्याकाळी येते. तवरिक त्या जातात.”

“माझ्या खोलीसाठी एसी घेतला ना आपण? सोमवारी माणूस येते बसवाले. तेच सांगू ना त्यांले.”

“‘बसणार हाये’ म्हणजे समोरच्यासाठी ‘नाही’च असते, वं. झाकली मूठ सव्वा लाखाची. जा, तयारी कर. अन् मोजे घाल.”

मोजे! एप्रिलचा महिना, नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत दुपारी कुत्रंही फिरकत नव्हतं, आणि मोजे. मयुराने खाली जाऊन मोजे घातले. छत्तिसाव्या वर्षी बापाशी मोज्यांवरून काय भांडायचं? शिवाय सवय होती. घरात पाहुणे यायचे म्हटलं की तिचे हात आपोआपच मोज्यांच्या कप्प्याकडे जायचे.

तिच्या दोन्ही पावलांवर कोड होतं. कॉलेजात असताना बोटांपासून सुरू झालं आणि घोट्यांच्या वर येऊन थांबलं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, कुणाला लागत नव्हतं. डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं. पण मुलगी बघायला येणाऱ्यांसमोर डॉक्टर कुठे उभा करायचा! गणपतरावांनी आपला सोपा उपाय काढला, मोजे. एकदा जमलंही. वर्ध्याचं स्थळ होतं, मुलगा बरा होता, थाटात साक्षगंध झालं. मग लग्नाचा बस्ता घ्यायला दोन्हीकडची माणसं लकडगंजातल्या साड्यांच्या दुकानात गेली. तिथे गादीवर तासन् तास साड्या बघताना उकाड्याने जीव नकोसा झाला आणि मयुराने विसरून मोजे काढले. मुलाच्या मावशीची नजर शालूवरून खाली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. “कोडाचं आम्ही पाहून घेतलं असतं,” मुलाचे वडील म्हणाले होते, “पण लपवलं काहून?” खरंच पाहून घेतलं असतं की नाही, देव जाणे. गणपतरावांनी मात्र त्यातून धडा घेतला आणि तोही उलटा घेतला. लपवायचं तर नीट लपवायचं.

त्याला बारा वर्षं झाली. नंतरही स्थळं आली, गेली, मग यायचीही थांबली. मयुरा सदरमधल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, आल्यागेल्याशी गोड बोलायची, संध्याकाळी घरी यायची. दुःखी होती असं नाही. पण आपण सतत कुणाच्या तरी वाटेतून बाजूला उभे आहोत, असं तिला वाटायचं खरं.

बिजली भेटली ती दुकानातल्या सोनिकामुळे. सोनिकाला पिल्लू हवं होतं. म्हणून दोघी एका रविवारी शहराबाहेरच्या प्राण्यांच्या आसऱ्यात गेल्या. पिल्लं सगळी अंगावर धावून आली. एकच कुत्री कोपऱ्यातल्या ओल्या पोत्यावर पसरली होती, रुंद छातीची, वाकड्या पायांची, तोंडाच्या वळ्याच वळ्या. बुलडॉग. इतक्या मंद जनावराचं नाव बिजली ठेवणाऱ्याची धन्य म्हणायची. तिने मयुराकडे एक डोळा उघडून पाहिलं, मोठा सुस्कारा टाकला आणि जड डोकं सावकाश तिच्या चपलेवर आणून ठेवलं.

आसरा चालवणाऱ्या भैरवीताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीही न विचारता बोलायला सुरुवात केली. “हिला श्वासाचा त्रास आहे. नाक चपटं ना. चेहऱ्याच्या वळ्या रोज पुसाव्या लागतात, नाहीतर चिघळतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. घोरते, एखाद्या पैलवानासारखी. आधी दोन घरांनी परत आणून सोडली. आणि नागपूरचा उन्हाळा हिला एसीशिवाय निघणार नाही. कूलरने भागत नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही. हे सगळं आधी सांगते, मग आवडली तर बघा.”

मयुरा ऐकत राहिली. कुणाचे इतके दोष इतक्या मायेने, उघड्यावर, पहिल्याच भेटीत सांगताना तिने कधी ऐकलं नव्हतं. तिला त्या कुत्रीचा हेवा वाटला. घरी येऊन तिने सांगून टाकलं की मी बिजलीला आणणार, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की तिच्या आईने, शोभाताईंनी, नवऱ्याकडे बघून डोळ्यांनीच ‘नाही म्हणू नका’ म्हटलं. गणपतराव नाही म्हणालेच नाहीत. उलट पोरीने पुष्कळ वर्षांनी काहीतरी मागितलं म्हणून ते इतके हरखले, की कुत्री देण्याआधी भैरवीताई घर पाहायला येणार हे कळल्यावर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी त्यांची गत झाली. पडदे धुतले गेले. संत्रा बर्फी आली. घर पाहायला येणं म्हणजे त्यांच्या लेखी एकच कार्यक्रम होता आणि तो कसा पार पाडतात हे त्यांना पाठ होतं.

भैरवीताई स्कूटरवरून आल्या. तोंडाचा स्कार्फ सोडून पाणी प्यायल्या. शोभाताईंनी पोहे आणून ठेवले.

“पोहे मयुरानंच केले,” गणपतराव म्हणाले.

मयुराने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आल्यापासून पुरता चेहराही धुतला नव्हता. शोभाताई भिंतीकडे बघू लागल्या.

“अरे वा,” भैरवीताई म्हणाल्या. “पण बिजलीला पोहे द्यायचे नाहीत हं.”

“नाही नाही. पोरगी समजदार हाये. स्वभावानं शांत. मोठ्यायच्या शब्दाबाहेर नाही.”

“दुपारी घरी कोण असतं?”

“आम्ही दोघंबी. अन् आमचं घराणं म्हणसाल तर—”

“काकाजी, आधी खोली बघू का?”

सगळे वर गेले. दार उघडताच थंडगार झुळूक आली आणि गणपतरावांचा चेहरा फुलला. भैरवीताईंनी खोलीभर नजर फिरवली. खिडकीत दाढीचा ब्रश होता.

“ही खोली कोणाची?”

“मयुराची.”

“आणि हे दाढीचं सामान?”

“ते माझं. मी इथंच दाढी करतो. हवा चांगली राहते.”

भैरवीताईंनी मान हलवली आणि भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. फोटोत काळा झगा घालून, हातात पदवीची गुंडाळी घेऊन अश्विन हसत होता. गणपतरावांनीही तो फोटो जणू पहिल्यांदाच पाहिला.

“भाचा,” ते म्हणाले.

मयुराला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. गप्प राहिलं तर कदाचित निभावलं असतं. बिजली घरी आली असती. आणि मग रोज, कुणीही दार वाजवलं की, आता हे उघडं पडेल का, ही धाकधूक. ती तिला चांगली ओळखीची होती. त्या धाकधुकीत त्या गरीब जनावरालाही ओढायचं?

“मॅडम,” ती दुकानातल्यासारखं नीट, सावकाश बोलली, “ही खोली माझी नाही. आमचे भाडेकरू राहतात इथे. माझी खोली खाली आहे आणि तिच्यात आज फक्त कूलर आहे. एसी घेतलाय, सोमवारी बसेल.”

“हात दाखवून अवलक्षण,” गणपतराव पुटपुटले.

“एसी बंद करा, काकाजी,” भैरवीताई म्हणाल्या. गणपतरावांनी खिशातून रिमोट काढून एसी बंद केला.

सगळे खाली मयुराच्या खोलीत आले. कूलर खडखडत होता. कोपऱ्यात एसीचं खोकं उभं होतं. भैरवीताईंनी खिडकी पाहिली, फरशीवर हात ठेवून पाहिला, मग खुर्चीवर बसल्या. शोभाताईंनी मागोमाग पोह्यांची बशी आणून त्यांच्या शेजारी ठेवली. त्या बशीला भैरवीताईंनी हात लावला नाही.

“एसी बसायचा आहे म्हणून मी नाही म्हटलं नसतं. थांबले असते. लपवलंत काहून?”

गणपतरावांनी चटकन वर पाहिलं. मयुरानेही. खोलीतल्या तिघांनी हा प्रश्न एकदा ऐकलेला होता.

“बिजलीच्या आधीच्या दोन्ही घरांनी मला सगळं आहे म्हणून सांगितलं होतं,” भैरवीताई पुढे म्हणाल्या. “एका घरी एसी होताही, पण तो तिच्यासाठी कधी लावला नाही. ती पडवीत धापा टाकत होती. जनावर काही सांगू शकत नाही, काकाजी. मला माणसांच्या शब्दावरच सोडावं लागतं तिला. आणि तुमचा शब्द तर...”

त्या उठल्या, स्कार्फ हातात घेतला. मयुराचं मागणं केवढंसं होतं, एक घोरणारी कुत्री, आणि तेही हातचं निसटत होतं.

दारापाशी भैरवीताई वळल्या. कदाचित तिचा चेहरा त्यांना दिसला असावा.

“अजून काही लपवलं असेल तर आत्ताच सांगा. मग बघू.”

“नाही जी, अजून काहीच नाही,” शोभाताई घाईने म्हणाल्या.

“हाये,” गणपतराव म्हणाले.

ते मयुराकडे बघत नव्हते. फरशीकडे बघत होते आणि खोलीत एवढी हवा असूनही त्यांच्या कपाळावर घाम होता.

“पोरीच्या पायावर कोड हाये. दोन्ही पायांवर. घोट्याच्या वरपर्यंत.” त्यांचा आवाज जरा खरखरला. “कोणाले लागत नाही. डॉक्टरनं सांगतलं हाये तसं.”

भैरवीताईंनी गोंधळून मयुराकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

“त्याचा बिजलीशी काय संबंध, काकाजी?”

“काहीच नाही. तुम्ही म्हटलं, सांगा. म्हणून सांगतलं.”

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी परक्या माणसासमोर कधी उच्चारला नव्हता. घरातही ते ‘पायाचं’ एवढंच म्हणायचे. मयुरा वाट पाहत राहिली, आता काहीतरी होईल म्हणून. काहीच झालं नाही. गल्लीतून कुणाची तरी मोपेड गेली. शोभाताईंनी पदराने डोळे पुसले. मयुराने पहिल्यांदा बापाकडे नीट, भरल्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिला तो एकदम थकलेला आणि अतिशय आपला वाटला.

भैरवीताई परत येऊन बसल्या, गार झालेल्या पोह्यांची बशी ओढून घेतली आणि चमचाभर खाल्ले.

“मग माझंही एक सांगायचं राहिलंय,” त्या म्हणाल्या. “मयुराताईंना पहिल्या दिवशी सगळं सांगितलं, तेवढं एक टाळलं. हे ऐकलं की लोक येतच नाहीत परत.”

“काय?” मयुराने धास्तावून विचारलं.

“बिजली पादते.”

शोभाताईंनी पदर डोळ्यांवरून तोंडावर नेला. गणपतराव मात्र लग्नाच्या बैठकीत बसल्यासारखे गंभीर झाले.

“लय?”

“लय. बंद खोलीत माणूस बसू शकत नाही.”

गणपतरावांनी यावर पुरता विचार केला.

“चालते,” ते म्हणाले. “आणाले कवा यायचं आम्ही?”