दीड टन, भिंतीवर

लुंबिनीनं अंगणातली खोली मुखेडच्या सदफला भाड्यानं दिली होती. सदफ लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास करायला राहिली होती, आणि एप्रिल लागल्यापासून ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वाचत होती. एका दुपारी ती म्हणाली, "काकू, मी गावाकडं जाते. इथं डोक्यात काहीच शिरंना."

पोरीचं वर्ष वाया जाणार, हे लुंबिनीला बघवेना. ती तशीच एसीच्या दुकानाकडं निघाली. सासूबाई, चांगुणाबाई, चपला घालून मागोमाग.

दुकानदार अकरमनं विचारलं, "खोली केवढी?"

"दहा बाय बारा."

"मग एक टन बास. वर स्लॅबच हाय ना?"

"न्हाई, पत्रे."

भूकंपात चांगुणाबाईंचं गावाकडचं जड मातीच्या छताचं, माळवदाचं घर बसलं होतं. थोरली जाऊ त्यातच गेली. तेव्हापासून जड छप्पर त्यांना सोसत नसे. भिंतीवर घड्याळसुद्धा त्यांनी टांगू दिलं नव्हतं.

"पत्र्याखाली एक टन नुसतं धापा टाकंल, भाभी," अकरम म्हणाला. "भिंतीला दुपारचं ऊन लागतंय का?"

"दिवस मावळेस्तोवर."

"मग दीड टनच घ्या."

लुंबिनी हो म्हणणार, तोच चांगुणाबाई मधे उभ्या राहिल्या. "दीड टन? भिंतीवर? अन् खाली लेकरू झोपतंय!"

अकरमला हसू फुटलं होतं, पण म्हातारी लुंबिनीचा दंड धरून तिला मागं ओढतेय हे बघून त्यानं ते गिळलं. "मावशी, हा टन गारव्याचा, वजनाचा न्हाई."

"गारवा कुणी तोलतंय का?"

अकरमनं सरळ खोकं फोडलं. "भिंतीवर एवढंच बसतंय. उचलून बघा."

चांगुणाबाईंनी पदर खोचला, पाय रोवले, भगवान बुद्धाचं नाव घेतलं आणि सगळा जीव एकवटून मशीन उचललं. ते असं अलगद वर आलं की त्या झोकांडी खाऊन मागच्या कूलरच्या खोक्यावर जाऊन बसल्या. मशीन मांडीवर.

"अगं बया! देवणी गाईचं वासरू ह्याच्यापरीस जड असतंय!"

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. सासूला असं हसताना लुंबिनीनं कधी पाहिलं नव्हतं. ती आधी घाबरली, मग हसून हसून तिचंही पोट दुखायला लागलं. अकरमनं काउंटरवर डोकं टेकलं.

रिक्षात चांगुणाबाईंनी मशीन कुणाला धरू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. बाहेरचा जड डबा त्यानं अंगणात जमिनीवर ठेवला आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं सदफ आतून किंचाळली, "काकूऽऽ, मला थंडी वाजतीय!"

बातमी गल्लीभर झाली. शेजारची सुमनबाई लसूण सोलायला आली, पारूबाई नातवाला घेऊन आली, कुणी पापडाचं पीठही आणलं. "दार लावा गं, गार पळतंय!" म्हणत जी ती आतच शिरत होती. खोली तापायला लागली. सदफ पुस्तक छातीशी धरून कोपऱ्यात हसत बसली.

शेवटी चांगुणाबाई कडाडल्या, "उठा सगळ्या! एका जिवाच्या मापाचं आणलंय, जत्रेच्या न्हाई!"

बाया हसत बाहेर पडल्या. चांगुणाबाईंनी कडी लावली आणि सदफच्या खाटेवर मांडी घालून बसल्या.

"तू वाच गं. मी न्हाई बोलत," त्या म्हणाल्या. मग पुस्तकात डोकावून, "हे बेडकाचं चित्र हाय का?"