नदीचे एकेचाळीस दिवस

पट्टीवाल्या बाईंचे गुडघे त्यांच्या आधीच निवृत्त झाले होते. काठावरच्या मोजणी केंद्रापासून पाण्यापर्यंत चौऱ्याऐंशी पायऱ्या, आणि तळाशी नदीत रोवलेली उभी लोखंडी पट्टी. पट्टीवर सेंटीमीटरचे आकडे. रोज सकाळी आठला खाली उतरायचं, पाणी ज्या आकड्याला टेकलं असेल तो वहीत लिहायचा, सही करायची आणि वर यायचं, असं बावीस वर्षं चाललं होतं. पावसाळ्यात हेच दिवसातून तीनदा. उतरताना डावा गुडघा कुरकुरायचा आणि चढताना उजवा, म्हणजे दोघांनी कामाची वाटणी करून घेतली होती म्हणायची.

सुटकेची वाट एकच होती. कचेरीत नोंद तपासनिसाची जागा निघणार होती. खुर्चीत बसायचं आणि इतरांनी लिहून आणलेले आकडे तपासायचे. पण नव्या नियमाप्रमाणे त्या जागेला पदवी लागत होती, तीही ठरावीक विषयातली. म्हणून पाच वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी विद्यापीठाच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. विषयाचं नाव नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापन. ते एका दमात म्हणायला शिकण्यातच पहिला महिना गेला. जाऊबाईंनी विचारलं, म्हणजे नेमकं काय गं? बाई म्हणाल्या, जे आहे ते पुरवून पुरवून वापरायचं. जाऊबाई म्हणाल्या, ते तर आपण लग्न झाल्यापासून करतोय, त्याला पदवी कशाला हवी?

तीन वर्षांचा अभ्यासक्रम बाईंना पाच वर्षं पुरला. माती, जंगल, कुरणं हे सगळं त्यांनी कसंबसं पार केलं, पण संख्याशास्त्रात दोनदा आपटल्या. वर्गातली पोरं विशी-बाविशीची. ती त्यांना काकू म्हणत, त्यांच्यासाठी पंख्याखालची जागा धरत आणि परीक्षेच्या आधी त्यांच्याच नोट्स मागून नेत. घरी सून भाजी चिरता चिरता प्रश्न विचारायची आणि बाई कणीक मळता मळता उत्तरं द्यायच्या. एकदा जमिनीची धूप थांबवण्याचे सहा उपाय सांगताना चार झाल्यावर बाई गप्प झाल्या. सुनेने मान वर करून पाहिलं, तर परातीत हात तसाच ठेवून बाई बसल्या जागी झोपल्या होत्या.

हे सगळं निभलं असतं. घोडं अडलं ते पाण्याच्या पुस्तकातल्या सातव्या प्रकरणाशी.

ते पुस्तक सरांनीच लिहिलेलं होतं. सर म्हणजे उंच, किंचित वाकलेला माणूस, खिशात कायम मातीचा नमुना असलेली पुडी, आणि शिकवताना इतका रंगून जाणारा की तास संपल्याचं दुसऱ्याने सांगावं लागे. सातव्या प्रकरणात एक आलेख होता. अठरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आसपासच्या सगळ्या नद्यांच्या रेघा खाली खाली जात होत्या आणि एकाच नदीची रेघ टेबलासारखी आडवी. एकेचाळीस दिवस पाणी एकशे अडतीसवर ठाम. सरांनी त्यावर सगळी उमेदीची वर्षं घालवली होती. वरच्या डोंगरउतारावर त्या आधी लांब मुळांचं गवत लावलं होतं, त्याने पाणी धरून ठेवलं आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडलं, असा त्यांचा सिद्धांत. एकेचाळीस दिवसांनंतर पाणी एकदम एकसष्टवर आलेलं दिसत होतं, त्यालाही सरांकडे कारण होतं. वरच्या अंगाला कुणीतरी उपसा सुरू केला असणार.

सरांनी तो आलेख फळ्यावर काढला तेव्हा बाईंनी पुढ्यातलं पुस्तक मिटलं. ते आकडे बाईंच्या वहीतले होते.

त्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान इस्पितळात होते. बाई तेव्हा रोजंदारीवर, नोकरीला जेमतेम चार वर्षं झालेली. दोन दिवस गैरहजर राहिलं तर दुसरा माणूस टपलेलाच होता, आणि रजा मागायची तर कुठल्या तोंडाने मागायची? त्यांनी वही पिशवीत घातली आणि इस्पितळाच्या बाकावर बसून रोज आठला आकडा भरू लागल्या. उन्हाळ्यात पाणी रोज थोडं उतरतं हे त्यांना काय माहीत नव्हतं? पहिल्या दिवशी आदल्या दिवसाइतकंच, एकशे अडतीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकशे सदतीस लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात परिचारिका बाहेर आली आणि रक्तातला कुठलासा आकडा कालपेक्षा खाली आलाय म्हणून सांगून गेली. बाईंच्याने एकशे सदतीस लिहवेना. एका दिवसात दोन-दोन ठिकाणी उतरती कळा लिहायची ताकद त्यांच्यात नव्हती. त्यांनी पुन्हा एकशे अडतीस लिहिलं. मग रोज तेच. आत माणूस उतरत होता आणि वहीत नदी उभी होती. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी आकडा लिहिला आणि दुपारी ते गेले. चार दिवस वहीत रजा पडली, आणि पाचव्या दिवशी बाई पायऱ्या उतरून गेल्या तेव्हा पाणी एकसष्टवर होतं. त्यांनी एकसष्ट लिहिलं. कुणी विचारलं नाही. कचेरीत आकडे जमा होत होते, वाचत कुणी नव्हतं, असं त्यांना वाटलं होतं.

वाचलं होतं एकाच माणसाने, आणि तो त्यांच्यापुढे खडू घेऊन उभा होता.

बाई त्याच केंद्रावर काम करतात हे कळलं तेव्हा सरांचा चेहरा उजळला. म्हणजे त्या नोंदी तुमच्या, असं म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्या खाली मान घालून ऐकताना बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानंतर सर दर रविवारी तास संपल्यावर तासभर थांबून त्यांना संख्याशास्त्र शिकवू लागले, तेही स्वतःचा डबा अर्धा त्यांच्यापुढे सरकवून. अशा माणसाला सांगायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पाण्याच्या पेपरात दहा गुणांचा प्रश्न आला, त्या उन्हाळ्यात नदीची पातळी स्थिर का राहिली? बाईंनी गवताची मुळं काढून, बाण दाखवून, दीड पान उत्तर लिहिलं. दहापैकी नऊ मिळाले. आपल्याच खोट्याचे नऊ गुण पदरात घेऊन त्या घरी आल्या आणि सुनेने आणलेली जिलबी त्यांना गिळवेना.

आता उरला होता शेवटचा प्रकल्प आणि त्याची तोंडी परीक्षा. प्रकल्पाचा विषय सरांनीच दिला, बाईंच्या केंद्रावरच्या बावीस वर्षांच्या नोंदी. तुम्हाला सोपं जाईल, म्हणाले. तपासनिसाच्या जागेसाठी उमेदवारांची यादी महिनाअखेर बंद होणार होती. तोंडी परीक्षा झाली की पदवी, पदवी झाली की खुर्ची. आठवडाभर सुनेने बाईंकडून गवताचं उत्तर पोपटासारखं घोकून घेतलं. सुनेलाही ते पाठ झालं.

परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक आले होते. किरकोळ अंगाचे, सर्दीने बेजार, समोर रुमालाची घडी. शेजारी सर बसलेले, नव्या इस्त्रीच्या शर्टात, जणू परीक्षा त्यांचीच. बाईंनी तक्ते मांडले, सरासरी सांगितली, एकही आकडा चुकला नाही. परीक्षकांनी आलेखावरच्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. बाईंनी गवताचं उत्तर द्यायला श्वास घेतला.

"कारण नको, ते सरांच्या पुस्तकात वाचलंय मी," परीक्षक म्हणाले. "तुम्ही रोज खाली उतरत होतात म्हणून विचारतो. तुमच्या त्या पट्टीशेजारी एक काळा खडक आहे ना? त्या दिवसांत तो बुडालेला होता की उघडा?"

प्रश्न अगदी साधा होता. एकशे अडतीस म्हणजे खडक बुडालेला, हे बाई झोपेतही सांगू शकल्या असत्या. एक शब्द म्हटला की सुटल्या. त्यांनी तोंड उघडलं. पण डोळ्यांपुढे खडक येईना. येत होता तो इस्पितळाचा बाक, त्याची एक सैल फळी आणि भिंतीवरचं घड्याळ. खोटं बोलायलाही अंगात ताकद लागते, आणि बाईंची ती पाच वर्षांत पुरवून पुरवून वापरूनही संपली होती.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं नाही. एकेचाळीस दिवस मी नदीवर गेलेच नव्हते."

मग त्यांनी यजमानांचं आजारपण, इस्पितळ, बाकावर भरलेले आकडे, सगळं सांगितलं, रोज एकच आकडा का तेवढं सोडून; फार वेळ लागला नाही. परीक्षक रुमाल हातात धरून ऐकत राहिले. बाईंनी सरांकडे पाहिलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि चष्म्याविना त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता.

"एकही दिवस नाही?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

परीक्षक भले गृहस्थ होते, पण नियम नियमच होता. खोट्या नोंदी वगळून प्रकल्प नव्याने करा, सहा महिन्यांनी या, तोपर्यंत निकाल राखून. विभागाला त्यांनी पत्रही लिहिलं. कचेरीतल्या साहेबांनी बाईंना उभं करून ऐकवायचं ते ऐकवलं, आणि एवढी जुनी गोष्ट म्हणून नोकरीवर गदा आणली नाही, पण यादीतून नाव गेलं. पुढची यादी निघेपर्यंत बाई निवृत्त होणार होत्या. मूळ वहीत त्या प्रत्येक नोंदीवर लाल शाईने काट मारायची, शेरा लिहायचा आणि सही करायची, असा हुकूम झाला. घरी सून रागावली. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं, म्हणाली. मग चहा करून आणला, तेल कोमट केलं आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना चोळत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताच बाई केंद्रावर जाऊन बसल्या. जुनी वही कचेरीतून आली होती, कडा वाळवीने खाल्लेल्या. शेरा हा रकाना बावीस वर्षं त्यांनी कोराच ठेवला होता, लिहिण्यासारखं कधी काही नसे. आता त्या एकेक ओळ काटत गेल्या आणि पुढे लिहीत गेल्या, पाहिले नाही. पाहिले नाही. पाहिले नाही.

दारात सावली पडली. सर उभे होते, हातात छत्री, बुटांना चिखल. बाई उठायला लागल्या तर त्यांनी हातानेच बसा म्हटलं आणि समोरच्या पत्र्याच्या डब्यावर टेकले. पहाटेच डोंगरावर जाऊन आलो, म्हणाले. गवत बघितलं. सतरा उतारांवर लावलंय आजवर.

"गवत चांगलंच आहे, सर," बाई म्हणाल्या. "माती वाहून जात नाही. नदी पूर्वीसारखी गढूळ येत नाही आता. ते मी रोज बघते."

सर हसल्यासारखे झाले. तेच लिहावं लागेल आता, म्हणाले, पण या वयात पुन्हा पहिल्यापासून म्हणजे जिवावर येतं. बाईंनी मान हलवली. ते बाईंना वेगळं सांगायची गरज नव्हती.

"माझंच चुकलं," सर म्हणाले. "एकेचाळीस दिवस एकच आकडा. नदी अशी कधी वागते का? पहिल्या दिवशी यायला हवं होतं मी इथे, तुम्हाला विचारायला. मला हवं तेच दिसत होतं, म्हणून आलो नाही." मग त्यांनी विचारलं, "मलाही हवं होतं ते पाणी. तुम्हाला कशाला हवं होतं?"

बाई चाळिसाव्या ओळीपर्यंत आल्या होत्या. ती काटली, शेरा लिहिला. एकेचाळिसाव्या ओळीवर पेन थांबलं. अठरा वर्षं ती ओळ तशीच होती, एकशे अडतीस, सकाळी आठ, सही. त्या आकड्यापर्यंत यजमान होते. सरांनी तारीख वाचली, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि छत्री घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले.

बाईंनी काट मारली. रेघ जरा वाकडी गेली. पुढे शेऱ्यात लिहिलं, पाहिले नाही. मग जागा उरली होती म्हणून त्याच रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, मी यांच्याजवळ होते.

सही केली, वही मिटली. बाहेर सर पहिल्या पायरीवर वाट पाहत होते, एक हात पुढे करून. आठ वाजत आले होते. त्यांच्या हाताला धरून बाई चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरू लागल्या.