कोरडी बशी

स्वावलंबन हाच मनुष्यजन्माचा खरा अलंकार होय, हे गोरक्षरावांचं मत सकाळी उठल्यापासून अगदी पक्कं होतं — आणि शर्टाचं सगळ्यात वरचं बटण काही केल्या काजात जात नव्हतं. पांढरं, चार भोकांचं, साधं बटण. चिमटीत धरलं की शहाण्यासारखं धरलं जाई, काजापर्यंत मुकाट येई, आणि ऐन उंबऱ्याशी आल्यावर उजव्या हाताला तो कंप सुटे नि बटण मान फिरवून भलतीकडेच... बोहल्यावर येऊन नाही म्हणणाऱ्या नवऱ्या मुलासारखं. आरशातला म्हातारा हे सगळं सभ्यपणे पाहत होता. त्याचंही बटण लागलेलं नव्हतं, एवढंच काय ते समाधान.

"भाईसाब, आत येऊ का?" असं विचारत नसीमभाभी आत आल्यासुद्धा. त्या शेजारच्या खोलीतल्या, मूळच्या येवल्याच्या. नवऱ्याचा रेशमाचा धंदा होता, त्यामुळे माणसाकडे पाहताना त्या आधी कापड पाहत. त्यांनी कापड पाहिलं, बटण पाहिलं, आणि गळ्याला बोटही न लागू देता ते लावून टाकलं.

"इतकं वरपर्यंत कशाला? शादी आहे का कुणाची?"

"परीक्षा आहे."

"ती चहाची आहे. गळ्याची नाही."

चहाचीच होती. शालिमार चौकाच्या मागे ही जी तीन मजली इमारत आहे, ती एके काळी लॉज होती. मग एका ट्रस्टने घेतली, एकेक खोली, एकेक ओटा, एकेक मोरी आणि दारापुढे वाळत घालायच्या दोरीएवढी गॅलरी अशी घरं पाडली, 'स्वाश्रय' असं नाव दिलं, आणि साठी उलटलेल्यांना पेन्शनीत बसेल अशा भाड्याने ती देऊन टाकली. अट एकच — आपलं आपल्याला करता आलं पाहिजे. इथे नर्स नाही, मेस नाही, सकाळची सामुदायिक प्रार्थना नाही. हा वृद्धाश्रम नाही, असं सगळे रहिवासी एकमुखाने सांगतात, आणि बाहेरचे रिक्षावाले तितक्याच एकमुखाने "बाबा, आश्रमात ना?" म्हणून विचारतात. आता, आपलं आपल्याला करता येतं हे ओळखायचं कसं? तर ट्रस्ट काढणारे जुने डॉक्टर — ते आता नाहीत — एक रीत घालून गेले. वर्षातून एकदा ट्रस्टचं माणूस प्रत्येक खोलीत चहाला येणार. चहा रहिवाशाने स्वतः करायचा, कपात ओतायचा, ओट्यापासून खुर्चीपर्यंत कपबशी स्वतः आणायची. बशी कोरडी, तर पुढचं वर्षभर खोली तुमची. बशीत चहा सांडला, तर मुलांना फोन. आणि कुणी त्या चहाला हातभार लावला तर त्याचीही खोली जाणार. डॉक्टरांचा यंत्रांपेक्षा बशीवर भरवसा होता.

गेल्या वर्षी हा कंप नव्हता. म्हणजे असेलही, पण इतका उघडपणे वावरत नव्हता.

बशी ओली झाली की दीपक. दीपक हा मुलगा. गंगापूर रोडला मोठा फ्लॅट, सून चांगली, नात आरोही फारच चांगली — वाईट असते तर किती सोपं झालं असतं, माणूस छाती काढून सांगू शकला असता की मी बाहेर पडलो. पण तिथे गोरक्षरावांना तहान लागायच्या आत पाणी येई. उठले की कुणीतरी दंडाला धरी. "आजोबा, तुम्ही बसा," हे बहुधा आरोहीच्या आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य असावं. त्या घरात हा कंप कधी कळलाच नसता, कारण हातात कुणी काही देतच नव्हतं... मला तिथे काय कमी होतं? काहीच नाही. बसायला सोफा, बघायला टीव्ही, आणि बसून बसून मी हळूहळू त्या सोफ्याचाच एक भाग होत चाललो होतो, एवढंच. दिवाळीत धूळ झटकताना सुनेने माझ्यावरूनही फडकं फिरवलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

"पातेल्यात पाणी ओतून ठेवलंय," नसीमभाभी ओट्यापासून म्हणाल्या. त्या ओट्यापाशी कधी गेल्या हे गोरक्षरावांना कळलंच नव्हतं. "आता त्याला काही करू नका. नुसता गॅस." आणि दाराशी थांबून, एकदा गॅलरीत डावीउजवीकडे पाहून, "मी आलेच नव्हते."

ते खिडकीशी उभे राहिले. इथून बसस्टँड दिसत नाही, पण वारा बरा असला तर त्या बाजूचा भोंगा ऐकू येतो. फलाट क्रमांक अमुक, मनमाडमार्गे येवला... नव्या मुलाचा आवाज बरा आहे, फक्त 'मार्गे'वर तो श्वास घेतो. तिथे श्वास घ्यायचा नसतो. गोरक्षराव थेट्यांनी उभी नोकरी त्या काचेच्या खोलीत बसून घोषणा करण्यात घालवली होती, स्टँडवरचा आबालवृद्ध त्यांचा आवाज ऐकून स्तब्ध होई, शेवटपर्यंत ऐकून घेई, आणि मग शेजारच्याला विचारी, "काय म्हणाले हो?" याचा त्यांना तेव्हा फार राग येई. इतकं स्वच्छ सांगितल्यावर शेजारच्याला काय विचारायचं... बायको, मथुरा, म्हणायची, तुमचा आवाज अख्ख्या जिल्ह्याला रस्ता दाखवतो, आणि घरात मीठ कुठल्या बरणीत आहे हे मलाच ओरडून विचारता. ती गेली तेव्हा त्यांना चहा येत नव्हता. सत्तरीच्या दाराशी उभा असलेला माणूस, आणि पाणी आधी की दूध आधी हे माहीत नाही. ते इथे शिकले, याच ओट्यावर. पहिला चहा झाला तो करड्या रंगाचा, त्याला लोखंडाची चव, तो त्यांनी गॅलरीत उभं राहून थेंबन् थेंब प्यायला, आणि सांगायचं कुणाला म्हणून खालून चाललेल्या अनोळखी पोस्टमनला सांगितलं, "आज चहा केला." पोस्टमनने वर पाहून मान हलवली होती. सुज्ञ माणूस.

"भाऊ." तिसऱ्या मजल्यावरचे चिमाजी दारात होते, सटाण्याकडचे, हातात स्टीलची डबी, तोंडावर मोठं गुपित. "हाई पत्ती ल्या. मनी पेशल शे. दोन चमचा टाका, बस. दुसरं काहीच लागत नही."

"माझी पत्ती आहे हो."

"तुमनी ऱ्हाऊ द्या." चिमाजींनी डबी ओट्यावर ठेवली, ओठांवर बोट ठेवलं, आणि ठेवलेलं बोट तसंच घेऊन जिना चढून गेले. डबीत काय पेशल आहे हे गोरक्षरावांनी पाहिलं नाही; जवळचा चष्मा चढवायचा म्हणजे दोन्ही कानांशी वाटाघाटी, आणि हात जपून वापरायचा दिवस होता.

मग खालच्या मजल्यावरून कुसाबाई आल्या, दिंडोरीकडच्या, पदराखाली झाकलेला तांब्या घेऊन. "दूध हाय. तापवून आणलंय."

"कुसाबाई, अहो, माझी पिशवी आलीय सकाळी."

"ती कापायला कात्री धरशाल अन् समदं वट्यावर वताल. लय शाणपणा नका करू, भाऊ. ह्ये नुसतं वता. सगळं बरोबर केलंय म्या." आणि जाता जाता, "कुनाला बोलू नका. त्या नसीमला तर अजिबात नाय, तिच्या पोटात ऱ्हात नाय काय."

मी नको म्हणायला हवं होतं. स्वावलंबन हाच... पण तांब्या कोमट होता, हाताला बरा वाटत होता.

हर्षाली आली ती हेल्मेट काखेत धरून. ट्रस्टची नवी मुलगी, तिशीतली, रस्ते खणून ठेवल्यामुळे स्कूटर कुठे लांब लावून चालत आलेली, केसांत धूळ. नमस्कार केला, खुर्चीवर बसली, म्हणाली, "काका, तुमचं चालू द्या. मी काही बघत नाहीये." आणि हेल्मेट मांडीवर ठेवून बघत बसली.

गॅस पेटला. पहिल्याच झटक्यात, बटण फिरवायला कंप उलट मदतीला येतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. पाण्याला बुडबुडे आले, जरा आळसावलेले, जाडसर, फुटायची घाई नसलेले... हवा बदलली की पाणीही बदलतं. डबीतले दोन चमचे टाकले. आणि मग साखर. ही एकच गोष्ट त्यांनी कुणाला न सांगता आठवडाभर घोकली होती — डाव्या हाताने उजवं मनगट धरायचं, घट्ट, जत्रेत पोराला धरतात तसं, आणि चमचा बरणीतून पातेल्यापर्यंत न्यायचा. नेला. एक कण सांडला नाही. त्यांनी हर्षालीकडे पाहिलं. ती खिडकीकडे पाहत होती. म्हणून आणखी एक चमचा नेला. या वेळी तिने पाहिलं. तेव्हा एक आणखी.

दूध ओतलं, उकळी आली, गाळलं. कप अर्धा भरला, भरगच्च भरणं हे गर्वाचं लक्षण आहे. बशी उचलली, आणि ओट्यापासून खुर्चीपर्यंतचा तो प्रदेश समोर पसरला... कंप आला. अर्थातच आला, तो काही आमंत्रणाची वाट पाहणारा नव्हता. कप बशीवर टकटकू लागला, खिडकीच्या सैल काचेसारखा, मार्गे, मार्गे, श्वास घ्यायचा नाही, दीपक, सोफा, आजोबा तुम्ही बसा... आणि त्यांनी खाली पाहिलं. कप हलत होता. बशी हलत होती. चहा मात्र हलत नव्हता. तो आपल्या जागी भारदस्तपणे बसून होता, गावच्या सभेत मधोमध बसलेल्या पुढाऱ्यासारखा. कडेला यायची तसदीच घेत नव्हता.

कपबशी हर्षालीच्या हातात पोचली. तिने कप उचलला आणि बशी पाहिली. कोरडी. खडखडीत कोरडी. गोरक्षरावांनी दुसऱ्या कपात आपला चहा घेतला आणि पलंगाच्या कडेवर बसले.

हर्षालीने घोट घेतला. घोट तोंडातच होता, आणि त्याचं पुढे काय करायचं याचा विचार चालू असावा. अखेर तिने तो गिळला, धीराने.

गोरक्षरावांनीही घोट घेतला.

तो चहा नव्हता, तो गुलाबजामचा पाक होता. जिभेवरून खाली जायचं नाव घेईना. आणि त्या गोडीत, ती जिभेवर थांबली होती म्हणूनच, त्यांना एकेक उमगत गेलं. 'आता त्याला काही करू नका' — पाण्यात नसीमभाभींची साखर, पिठीसारखी बारीक; त्या शीरखुर्म्यासाठी राखून ठेवतात ती. 'दुसरं काहीच लागत नही' — पत्तीत मिसळलेली चिमाजींची. 'सगळं बरोबर केलंय म्या' — दुधात कुसाबाईंची, रेशनची, जाड, अजून थोडी दाताखाली येणारी. आणि सगळ्यांवर कळस म्हणून माझी, मनगट धरून, एक कण न सांडता. चमचाभर साखरेला माझा हात अडेल म्हणून तिघं तीन वाटांनी येऊन गेली, एकमेकांना चोरून, खोली पणाला लावून.

दार नीट लागलेलं नव्हतं. फटीतून गॅलरीतल्या चपला दिसत होत्या, वेगवेगळ्या मापांच्या, अगदी स्तब्ध. त्यांतली एक जोडी कुसाबाईंची; एकमेकांना न सांगण्याचं इथवर येऊन संपलं होतं तर.

"काका," हर्षालीने विचारलं, "साखर तुम्हीच घातली ना?"

साधा प्रश्न. 'हो' म्हटलं की झालं. बशी कोरडी होती, साखर त्यांनीही घातली होती, त्यात खोटं काही नव्हतं; खोली राहिली असती, सगळ्यांच्या खोल्या राहिल्या असत्या. मघापासून घशाशी आवळून बसलेलं ते बटण त्यांना पहिल्यांदाच जाणवलं. कप धरलेला हात हलत होता आणि त्यांनी तो लपवला नाही, डाव्या हाताने धरलाही नाही. हलू दिला, गाडी सुरू असल्यासारखा. गंमत म्हणजे भीती शोधूनही सापडेना. मघाशी इथेच ठेवली होती...

"घातली," ते म्हणाले. "मीही घातली."

"मीही म्हणजे?"

बाहेरच्या चपला किंचित मागे सरल्या. आणि गोरक्षरावांच्या छातीत तो जुना आवाज भरून येऊ लागला, कितीतरी वर्षांनी, पोटातून, घुमत. त्यांनी पाठ ताठ केली, श्वास योग्य जागी घेतला. आता सांगायचंच. की बाई, मी इथे एकटा राहतो हे खरं, पण फलाटावर एकटं असं कुणी नसतंच, भोंगा कितीही स्वच्छ असो, माणूस शेजारच्यालाच विचारतो, आणि तो विचारतो म्हणून बस चुकत नाही. की डॉक्टरांनी बशी पाहायला सांगितली तेव्हा बशीखाली किती हात असतात हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. की स्वावलंबन हा मनुष्यजन्माचा...

"हर्षालीताई," त्यांनी सुरुवात केली, आणि खोलीच्या भिंती जरा लांब सरकल्यासारख्या वाटल्या. "माणूस जेव्हा—"

"काका, ऐकते मी सगळं," हर्षाली म्हणाली, ओठ एकमेकांना चिकटू नयेत अशा बेताने. "पण आधी पाणी द्याल का? जरा ग्लास भरूनच द्या."