हाल्फ द्री

‘आपल्याच गोलरक्षकाच्या दफनविधीस उपस्थित राहण्याची आवश्यकता प्रशिक्षक थॉर्ली यांना वाटली नाही, सबब क्लबने त्यांना सेवामुक्त केले.’

क्लबच्या अमृतमहोत्सवी ग्रंथातून छापून घेतलेल्या या वाक्याखाली समताने पेन्सिल इतकी दाबून ओढली की कागद फाटला. तीनशे पानांत एडविन थॉर्लीच्या वाट्याला हे एकच वाक्य आलं होतं; मैदानावरच्या नव्या स्वच्छतागृहांना अर्धं पान.

उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणगावच्या फुटबॉल संघाचा गोल या माणसाने युद्धाआधी चार आणि युद्धानंतर सहा हंगाम राखला. उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाल्यावर, १९५३ साली, तो नेदरलँड्समधल्या या लहानशा क्लबात प्रशिक्षक म्हणून आला आणि सहा वर्षांत त्याने तळाचा संघ वर आणला. मग १९५९च्या फेब्रुवारीत त्याचा एकवीस वर्षांचा गोलरक्षक भर सामन्यात कोसळून गेला. दफनाला थॉर्ली दिसला नाही. ग्रंथकारांना तेवढं पुरलं.

समताला पुरलं नव्हतं. लायडन विद्यापीठातला तिचा प्रबंध थॉर्लीवरच होता, आणि हे वाक्य पाडायला तिच्याकडे दोन कागद होते. पहिला, क्लबने थॉर्लीला धाडलेली चिठ्ठी: दफन ‘हाल्फ द्री’ वाजता. दुसरा, दफनभूमीच्या रखवालदाराची नोंद: ‘साडेतीनला एक इंग्रज पुष्पचक्र घेऊन आला. तोवर सगळे गेले होते. बराच वेळ उभा राहिला.’ डच माणसाचं हाल्फ द्री म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला, अडीच. इंग्रजाच्या कानाला तेच शब्द ‘हाफ थ्री’, म्हणजे साडेतीन. एका तासाच्या गैरसमजालाच या विद्वानांनी माणसाचं चारित्र्य ठरवून टाकलं होतं.

२०२१चा जानेवारी होता. ग्रंथालयं बंद होती. त्या आठवड्यात समताने मोठ्याने उच्चारलेलं एकमेव डच वाक्य सुपरमार्केटातल्या मुलीला उद्देशून होतं: पिशवी नको.

दुपारी नागपूरहून धाकट्या भावाचा, यशोधनचा, फोन आला.

“ताई, जेवलीस?”

“जेवले. ऐक, माझा थॉर्ली सुटला.” तिने त्याला सगळं सांगितलं.

यशोधन हसला. “म्हणजे तुझ्यासारखंच झालं की. एका तासाचा घोळ.”

ऑक्टोबरच्या अखेरीस बाबा कोविडने गेले. जाणं शक्यच नव्हतं. यशोधनने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला, आणि समता तासभर उशिरा जोडली गेली, तेव्हा त्रिसरण म्हणून झालं होतं, माणसं पांगली होती. आदल्याच दिवशी इथली घड्याळं एक तास मागे गेली, माझा हिशेब चुकला, असं तिने तेव्हा सांगितलं होतं.

“एक विचारू? चिडू नको.”

“विचार.”

“तुझ्या फोनवर तर नागपूरचं घड्याळही लावलेलं असतं ना, ताई?”

समताने टेबलावरचे कागद सरळ केले. ते सरळच होते.

“बाबा घरीच राहतो म्हणत होते, हॉस्पिटलचा हट्ट तू धरलास, म्हणून कोणी तुला काही बोललं नसतं. आई तर नाहीच. ती अजून विचारते, समता का नव्हती म्हणून.”

“माझी मीटिंग आहे, यशोधन.”

“रविवारी?”

तिने फोन ठेवला.

संगणकावर थॉर्लीच्या मुलीची ईमेल येऊन पडली होती. वडिलांच्या पेटीत एक पत्र सापडलं, गेलेल्या गोलरक्षकाच्या आईला लिहिलेलं, कधीच न पाठवलेलं. तुमच्या कामाचं असेल तर पाहा. सोबत दोन पानांची छायाप्रत होती.

समताने ती दोनदा वाचली. प्रबंध इंग्रजीत होता. तरी पत्राच्या शेवटच्या ओळी तिने वहीत मराठीत उतरवल्या, एकही शब्द न गाळता. मग आईचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत असताना ती वहीवरची नजर काढू शकली नाही.

‘हाल्फ द्री म्हणजे अडीच, हे मला पक्कं ठाऊक होतं. सहा वर्षं मी तुमच्या मुलाला याच घड्याळावर सरावाला बोलावत आलो. त्या दिवशी दोन वाजल्यापासून मी पुष्पचक्र घेऊन समोरच्या दुकानाच्या आडोशाला उभा होतो. तुम्ही सगळे निघून जाईपर्यंत थांबलो. डोकं दुखतंय, असं तो मला सामन्याआधी म्हणाला होता, आणि खेळ म्हणणारा मी होतो. माझी वेळ चुकली नाही. मी ती चुकवली.’