कॉईलची जोडी

“आई, तेवढी सोडवून द्या,” म्हणत वैजयंतीनं कॉईलची जोडी सासूच्या मांडीवर ठेवली आणि ती काडेपेटी शोधायला वळली.

डासांच्या या हिरव्या कॉईल खोक्यात दोन-दोन एकमेकींत गुंतवून भरलेल्या असतात. घाई केली की तुकडे पडतात. वैजयंतीच्या हातून ते नेहमी पडायचे, म्हणून हे काम सरस्वतीबाईंकडे आलं होतं. दम्यानं त्या बेजार होत्या, पण बोटं अजून शहाणी होती. ज्या धुरानं रात्रभर जीव कासावीस व्हायचा, त्याची तयारी रोज तिन्हीसांजेला स्वतःच्याच हातानं करून द्यायची, आणि वर सुनेचं ‘थँक्यू’ ऐकायचं.

तक्रार मात्र त्यांनी केली नव्हती. श्रावणात त्यांच्या नातीला, ईश्वरीला, मलेरिया झाला. शेजारच्या अर्धवट इमारतीच्या खड्ड्यात पाणी साचलेलं. कोपरखैरण्याच्या त्या सबंध रांगेत घरोघरी कोणी ना कोणी थंडीनं कुडकुडत होतं. पोरगी कडू गोळी ओकून टाकायची आणि आजीच्या कुशीत शिरून थरथरायची. त्यापेक्षा आपला खोकला परवडला, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. मच्छरदाणीचा विषय एकदा काढून पाहिला होता. नव्या रंगाच्या भिंतीला खिळे नकोत, असं सुनेनं सांगितलं. बरोबरच होतं म्हणा. भिंतीवरचा ओरखडा चारचौघांना दिसतो, छातीतला कोणाला दिसतोय!

डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितलं, तेव्हा वैजयंती लगेच म्हणाली होती, “गावची हवा किती छान असते, नाही?” गावचं घर पुतण्यानं, कोंडिबानं, केव्हाच बळकावलं होतं. त्याच्या पडवीत पडून राहायचं आणि ईश्वरी इथं, ही कल्पनाच सरस्वतीबाईंना सोसवत नव्हती. हॉलमध्ये पोरगी त्यांच्याशेजारी झोपायची. तिचा हात अंगावर असला की धूरही निभावून जायचा.

पण आज ईश्वरी घरात नव्हती. सकाळीच मामा तिला दिवाळीच्या सुट्टीसाठी डोंबिवलीला घेऊन गेला होता.

“आज कशाला गं?” त्यांनी विचारलं. “ईश्वरी कुठाय?”

“म्हणजे काय! तुम्हाला चावतील ना. तुमच्यासाठीच लावतेय.”

आतल्या खोलीत कॉईल कधीच लागली नव्हती. वासानं वैजयंतीचं डोकं चढायचं.

सरस्वतीबाईंनी मुलाकडे पाहिलं. नंदकिशोर महाप्याच्या कंपनीतून नुकताच आला होता आणि पेपर उघडून बसला होता.

“लावू दे ना, आई,” तो पेपराआडून म्हणाला. “उद्या तुला मलेरिया झाला तर ते टेन्शन कोण घेणार?”

मान खाली घालून त्यांनी जोडी हलक्या हातानं फिरवली, एकीतून दुसरी काढली. एक कपचाही उडाला नाही. वैजयंतीनं एक कॉईल पत्र्याच्या स्टँडवर खोचली, स्टँड नेमका उशाशी सरकवला आणि काडी ओढली.

“नंदू,” सरस्वतीबाई म्हणाल्या, “कोंडिबाला निरोप धाड. म्हणावं, आई येत्येय गावी. पोर परत यायच्या आत पोचव मला. नाहीतर पाय निघायचा नाही.”

पेपर खाली आला नाही. काडी जळत वैजयंतीच्या बोटांपर्यंत आली, तशी तिनं ती फुंकून विझवली.

“मग आज राहू दे,” ती हळुवारपणे म्हणाली. “उगाच तुम्हाला त्रास.”

स्टँडवरची कॉईल काढून तिनं दोन्ही खोक्यात ठेवल्या. नंदकिशोर उठला आणि त्यानं खिडकी उघडली, डासांच्या ऐन वेळेला. खाडीकडचं वारं आत आलं. सरस्वतीबाईंनी श्वास घेतला. कित्येक महिन्यांनी तो कुठंही न अडकता छातीत पुरता उतरला.